खड्ड्याची कड

एकदा खणलेली माती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. ती त्याच खड्ड्यात परत लोटा, पायानं दाबा, वरून पाणी मारा, वाटेल तितके पावसाळे जाऊ द्या. तिचा रंग आजूबाजूच्या मातीपेक्षा किंचित वेगळा राहतो आणि ट्रॉवेलच्या, म्हणजे आमच्या छोट्या थापीच्या, टोकाला ती किंचित मऊ लागते. आमचा सगळा धंदा या एका गोष्टीवर चालतो. लोकांना वाटतं उत्खननात सोनंनाणं शोधतात. आम्ही खड्ड्यांच्या कडा शोधतो. कुणीतरी कधीतरी इथं खणलं, काहीतरी ठेवलं आणि वरून बुजवलं, एवढं समजलं की आमचा दिवस सार्थकी लागतो.

ही विद्या मला आयुष्यात एकाच ठिकाणी खरी हवी होती आणि नेमकं तिथं तिचा काही उपयोग नव्हता. माझा मुलगा तीन दिवसांचा असताना गेला. त्याला कुठं पुरलं हे मला माहीत नाही.

आमच्यात एवढ्या लहान बाळाला जाळत नाहीत, पुरतात. बायकांनी सोबत जायचं नसतं, बाळंतिणीनं तर नाहीच नाही. मी तेव्हा दवाखान्यात रक्ताच्या बाटलीला बांधलेली होते आणि नवरा माझ्या उशाशी बसला होता. सासरे आणि शेजारचे एक काका बाळाला घेऊन गेले. येताना दोघं अंघोळ करून आले आणि तिथं विषय संपला. जागेवर खूण ठेवायची नाही, परतताना मागं वळून पाहायचं नाही आणि आईला जागा सांगायची नाही. सांगितली तर तिचा जीव तिथं अडकतो आणि पुढचं मूल येत नाही, असं सासूबाई म्हणायच्या. पहिली काही वर्षं मी विचारलं नाही. पुढचं मूल तरीही आलं नाही. मग मी विचारायला लागले.

सासरे म्हणायचे, "गंगेवर." नाशिकमध्ये गोदावरीला गंगाच म्हणतात, आणि गंगा काही परसातला हौद नव्हे. "गंगेवर कुठं, बाबा?" असं विचारलं की ते उठून बाहेर जायचे. बरोबर गेलेले काका तोवर वारले होते. नवऱ्याला माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची त्याची तयारीही नव्हती. सातपूरच्या कारखान्यात पाळ्या करून आलेला माणूस जेवायला बसला की मी विषय काढायचे आणि तो ताटाकडे बघत म्हणायचा, "जाऊ दे ना आता." तो वाईट नाही. फक्त त्याला सगळंच जाऊ द्यायला जमतं.

मी एकटी गंगापूर रोडनं काठाकाठानं हिंडले आहे. जिथं जिथं काठ मोकळा असेल असं वाटायचं तिथं तिथं आता लॉन्स झाली आहेत, लग्नाची. कमानी, कारंजी, गाड्या लावायला सपाट केलेली जागा. एका लॉन्सच्या राखणदारानं मला हटकलं, "मॅडम, बुकिंगला आलात का?" मी हो म्हणाले. आत जाऊन हिरवळीवर उभी राहिले. या हिरवळीखाली असेल, किंवा त्या स्टेजखाली, किंवा इथं नसेलच. ट्रॉवेल पिशवीत होती. पण कुठं लावायची?

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे कादवा नदीच्या काठची ती पांढर.

पांढर म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. शेकडो वर्षं माणसं एकाच जागी राहिली, चुली पेटल्या, भिंती पडल्या, पडलेल्यावर नव्या उभ्या राहिल्या, की राख, शेण आणि माती यांचा असा काही थर साचतो की तो उन्हात पांढुरका दिसतो. शेतकऱ्यांना ही माती फार प्रिय. खत म्हणून शेतात टाकायला, धाब्याच्या घरांवर घालायला ती पिढ्यान्‌पिढ्या वाहून नेतात. आमच्या पांढरीचं निम्मं अंग असंच आसपासच्या शेतांत पसरलं होतं. उरलेल्या निम्म्याचा मालक तसा भला माणूस. तिथं सपाट करून द्राक्षं लावायची हे त्यानं ठरवून टाकलं होतं, तरीही एक हिवाळा त्यानं आम्हाला दिला. रोज सकाळी मोटरसायकलवरून यायचा, कडेला उभा राहून विचारायचा, "ताई, लागलं का काही?" त्याचा अर्थ, कधी उठताय?

आमचे सर, म्हणजे खोदकामाचे प्रमुख, तंबूत टेबल टाकून बसायचे. एका ट्रेंचची, म्हणजे आखून खणलेल्या चराची, जबाबदारी माझ्यावर होती. हाताखाली हरसूलकडून आलेल्या बायका होत्या. भात काढून झाला की ही माणसं कामाच्या शोधात खाली उतरतात, द्राक्षबागांत राबतात. त्या वर्षी त्यांतल्या काही आमच्याकडे माती वाहायला आल्या. माझ्या ट्रेंचमध्ये होती ती बाई माझ्याच वयाची, सडसडीत, घमेलं डोक्यावर ठेवून बोलत राहायची आणि तरी मातीचा कण सांडायची नाही. मला "बाई" म्हणायची. मी शाळेतली बाई नाही हे तिला दोनदा सांगून पाहिलं, मग सोडून दिलं.

संक्रांत होऊन गेल्यावर एका घराची जमीन लागली. चोपून, सारवून गुळगुळीत केलेली जमीन. भिंती कधीच गेल्या होत्या, पण खांबांची भोकं गोलाकार उमटली होती आणि एका बाजूला चूल. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीची चूल, पण तिच्यातली राख बोटाला लागली की वाटावं, बाई आत्ताच पाणी आणायला गेली आहे. मी जमीन खरवडून साफ करत होते. चुलीपासून हातभर अंतरावर माती किंचित काळसर दिसली. बाटलीतलं पाणी शिंपडलं. ओल धरली तशी कड स्पष्ट झाली, लांबट गोल, परातीएवढी. सारवलेली जमीन कुणीतरी फोडली होती, खणलं होतं आणि परत बुजवून वरून सारवलं होतं.

मला तेव्हाच कळलं. हे पुस्तकांतून वाचलेलं होतं, दुसऱ्यांच्या खड्ड्यांत पाहिलेलंही होतं. स्वतःच्या हातानं काढायची वेळ पहिल्यांदा आली होती.

दुपारपर्यंत दोन मडकी दिसायला लागली. करड्या रंगाची, हातानं घडवलेली, आडवी, तोंडाला तोंड लावून ठेवलेली. सर तंबूतून आले, गुडघ्यावर बसले आणि त्यांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला. "वा," ते म्हणाले, "जोडमडकी. अख्खी आहेत." त्या काळची माणसं लहान मूल गेलं की असंच करायची. दोन मडक्यांत त्याला निजवायचं, तोंडं जुळवायची आणि राहत्या घराच्याच जमिनीखाली पुरायचं. का, ते कुणाला नक्की सांगता येत नाही. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. लिहिणारे बहुतेक पुरुष आहेत.

माझ्याबरोबरची बाई घमेलं उतरवून वाकून बघत होती. तिनं विचारलं, "पोरगा हाय का पोरगी?"

सर म्हणाले, "एवढ्या लहान हाडांवरून ते सांगता येत नाही."

"आईला ठावं आसंल की," ती म्हणाली आणि घमेलं उचलून निघाली.

सर फोटोची तयारी करायला गेले. ट्रेंचमध्ये मी एकटी उरले. मी चुलीसमोर उकिडवी बसले, स्वयंपाकाला बसतात तशी. माझा डावा गुडघा बरोबर त्या मडक्यांवर आला. म्हणजे त्या बाळाची आई रोज अशी बसत असणार. सकाळी, संध्याकाळी, विस्तव फुंकताना, बाकीच्यांना वाढताना. कुणी तिला सांगितलं नव्हतं की जागा विचारायची नसते. विचारायचं कारणच नव्हतं. मला त्या बाईचा हेवा वाटला. तिला लिहिता येत नव्हतं, तिची हाडंसुद्धा उरली असतील की नाही कोण जाणे, आणि मी तिच्या चुलीपाशी बसून तिच्यावर जळत होते.

मडकी अख्खी उचलायची होती. भोवतीची माती ठेवून, कापडाच्या पट्ट्या गुंडाळून, प्लास्टर लावून, खालून फळी सरकवून. मालकानं आता रोज दोनदा फेरी मारायला सुरुवात केली होती आणि पलीकडच्या बांधावर ट्रॅक्टर येऊन उभा होता. सर म्हणाले, "तुमचा हात चांगला आहे, तुम्हीच काढा." माझा हात चांगला आहे. मी काढली. एका मडक्याला आधीच तडा होता, त्यातून आत मातीत रुतलेला कवटीचा तुकडा दिसत होता, कांद्याच्या सालीएवढा पातळ. मी त्यावर कापूस ठेवला आणि पट्टी ओढून घेतली.

पेटी जीपपर्यंत आम्ही चौघींनी नेली. "सांभाळून, सांभाळून," सर मागून म्हणत होते. पेटीवर मी नंबर टाकला. माझ्याबरोबरच्या बाईनं विचारलं, "आता कुठं नेणार याला?"

"शहरात. तपासायला."

"मंग परत आणून ठेवणार?"

गोदामात मांडण्या आहेत, मांडण्यांवर पेट्या आहेत आणि तिथून परत काहीच येत नाही हे मला ठाऊक आहे. इतकी वर्षं ते लेकरू आईच्या चुलीपाशी होतं. पुरात वाहिलं नाही, नांगराखाली आलं नाही, माती नेणाऱ्यांच्या फावड्यातून सुटलं. त्याला तिच्यापासून तोडलं ते मी. आणि न काढते तर पुढच्या आठवड्यात ट्रॅक्टरनं काढलं असतं, हेही खरं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. जीप गेल्यावर मी रिकाम्या खड्ड्याचं माप घेतलं, कारण तेही घ्यावंच लागतं.

त्या संध्याकाळी माझ्या मनानं घेतलं की आता थांबायचं नाही. सासऱ्यांची आठवण पाझरत चालली होती. निवृत्त होऊन किती काळ लोटला होता, तरी सकाळी भोंगा वाजल्यासारखे दचकून उठायचे, डबा मागायचे आणि कोपऱ्यावर कंपनीच्या बसची वाट पाहत उभे राहायचे. कधी मला ओळखायचे, कधी माझ्या नणंदेच्या नावानं हाक मारायचे. आज ना उद्या ती जागाही त्यांच्या डोक्यातून पुसली जाणार होती, आणि ती जगात दुसरीकडं कुठंही नोंदलेली नव्हती. ते विसरले की माझा मुलगा कुठंच नव्हता.

आमची सुट्टी गावच्या बाजाराच्या दिवशी असायची, कारण त्या दिवशी कामाला कुणी येत नाही. मी पहिल्या बसनं घरी आले. नवरा पहिल्या पाळीला गेला होता. सासूबाई दळण घेऊन गिरणीवर निघाल्या होत्या. सासरे ओट्यावर उन्हात बसले होते. मी त्यांच्या शेजारी बसले आणि आडवळण न घेता विचारलं, "बाबा, बाळाला कुठं ठेवलं?"

मला वाटलं उठून जातील. ते म्हणाले, "नदीवर."

"नदीवर कुठं? जागा आठवते?"

"न आठवायला काय झालं? दाखवतो की. चल."

एवढं सोपं होतं. इतकी वर्षं ज्या दारावर डोकं आपटलं ते नुसतं लोटलेलं निघावं, तसं. मी शेजारणीला सांगितलं, बाबांना जरा फिरवून आणते, आणि रिक्षा थांबवली. पिशवीत ट्रॉवेल होती, ब्रश होता, पाण्याची बाटली होती. पाण्याची बाटली कशाला घेतली होती ते मला पक्कं माहीत होतं.

"गंगापूर रोडला घ्या," मी रिक्षावाल्याला म्हणाले.

"कॅम्पात घे," सासरे म्हणाले.

"बाबा, आपल्याला गंगेवर जायचंय. देवळाली कॅम्पात नाही."

"कॅम्पातच घे म्हणतो ना!" हा त्यांचा जुना आवाज होता, कारखान्यातला. रिक्षावाल्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं. कॅम्प म्हणजे शहराचं पार दुसरं टोक. पण मी विचार केला, मला तरी काय ठाऊक? गंगेवर हे त्यांनीच सांगितलेलं. मी शोधायला जाऊ नये म्हणून मुद्दाम खोटं सांगितलं असेल. लांब नेलं असेल, म्हणजे माझा जीव अडकू नये. जितका विचार केला तितकं ते पटत गेलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, माझ्या हाती तर अख्खी फांदी आली होती. "घ्या कॅम्पात," मी म्हणाले.

कॅम्पाचा बाजार मागं पडल्यावर तेच वाट सांगायला लागले. इथं डावीकडं, इथं सरळ. लष्कराचा सराव चालला होता. डोंगराकडून तोफांचा आवाज आला आणि रिक्षाची काच हलली. सासरे म्हणाले, "तेव्हापण हेच चालू होतं. धडाम, धडाम. मला वाटलं जागी होईल." "जागी होईल" म्हणजे कोण, ते ऐकूनही माझ्या डोक्यात शिरलं नाही. मला जे ऐकायचं होतं तेवढंच मी ऐकत होते.

रिक्षा जाईल तिथपर्यंत नेली आणि तिला थांबायला सांगितलं. पुढं कांद्याच्या वाफ्यांमधून पायवाट दारणा नदीकडं उतरत होती. घरातली मोरी न सापडणारा माणूस माझ्यापुढं काठी टेकत सरळ चालत होता. काठावर करंजाची झाडं होती आणि एका झाडाखाली मोठा काळा चपटा दगड. ते दगडापाशी थांबले, त्याच्याकडं पाठ करून दोन पावलं मोजल्यासारखी टाकली आणि काठीचं टोक जमिनीत रोवलं.

"इथं," म्हणाले, आणि दगडावर बसले.

मी गुडघे टेकले. वाळलेला पाला बाजूला केला, वरची सैल माती ब्रशनं काढली आणि ट्रॉवेल आडवी धरून खरवडायला लागले, एका दिशेनं, हलक्या हातानं, जशी रोज खरवडते तशी. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते त्या मातीवर पडू नये म्हणून मी सारखी मान फिरवत होते. पाण्याचे डाग पडले की रंग फसवतो. थोडं खाली गेल्यावर बाटलीतलं पाणी शिंपडलं. थांबले. ओल धरली. माती एका ठिकाणी किंचित गडद राहिली आणि तिच्या बाजूनं एक रेघ वळत गेली. ती खड्ड्याची कड होती की जुन्या मुळाची जागा, हे दोनदा पाहिल्याशिवाय कामावर मी कधी बोलत नाही. तिथं मला दोनदा पाहायचं धैर्य नव्हतं. मी ट्रॉवेलचं टोक त्या रेघेच्या आत ठेवलं. माती मऊ होती.

"हळू गं," सासरे म्हणाले. "तिला लागंल."

"त्याला, बाबा. मुलगा होता."

"मुलगी," ते म्हणाले. माझ्याकडे नाही, जमिनीकडे बघत. "तिच्या आईनं पिवळं टोपडं शिवलं होतं. ते काढावं का राहू द्यावं, काय कळंना. राहू दिलं. आई लय विचारायची, कुठं ठेवली, कुठं ठेवली. मी म्हणालो, झोप. थोडे दिवस विचारलं, मग गप झाली."

माझ्या बाळाला टोपडं नव्हतं. त्याला दवाखान्याच्या हिरव्या फडक्यात गुंडाळून नेलं होतं.

लग्न झाल्यावर सुरुवातीला सासू-सासरे कॅम्पातच एका खोलीत राहत होते, हे मी ऐकलं होतं. तिथं त्यांना पहिली मुलगी झाली होती आणि ती गेली होती, हे मला कधीच कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या नवऱ्यालाही माहीत नसावं. सासऱ्यांच्या डोक्यातलं वरचं सगळं वाहून गेलं होतं, आणि खालचा हा थर तसाच्या तसा होता. मी त्यांना बाळ विचारलं, त्यांनी मला त्यांचं बाळ दाखवलं. यात त्यांची काय चूक?

हे आज म्हणते. तेव्हा मी त्यांचे दोन्ही दंड धरले. "आणि माझं? बाबा, माझ्या बाळाला कुठं ठेवलं? आठवा. शेजारचे काका बरोबर होते. हिरवं फडकं होतं. आठवा ना!" मी ओरडत होते. कांद्यात पाणी भरणारा माणूस फावडं टाकून आमच्याकडे पाहायला लागला. सासरे माझ्या तोंडाकडे टक लावून बघत राहिले, नीट, शोधल्यासारखं, आणि अगदी अदबीनं म्हणाले, "तुम्ही कोण, बाई?"

मी तिथंच मातीत बसले आणि मोठ्यानं रडले. असं रडू मला दवाखान्यातही आलं नव्हतं. तिथं टाके होते, रडलं की दुखायचं. मी रडतेय म्हणून सासरेही रडायला लागले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "उगी. दुसरं होईल." बहुधा हेच त्यांनी तेव्हाही कुणाला तरी म्हटलं असेल. मी सगळी माती ओंजळीनं परत लोटली, पाला पसरला. ती माती आता दुसऱ्यांदा वेगळी झाली, आणि पुढं कधी कुणी खणलं तर त्याला माझीही कड सापडेल.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. "कुठं नेलं होतंस त्यांना? शेजारीण म्हणते फिरायला. हे काय फिरायचं वय आहे त्यांचं?" मग त्यांनी माझी नखं पाहिली, साडीच्या गुडघ्यांवरची माती पाहिली आणि त्यांना कळलं. आवाज खाली आला, पण धार तीच. "उकरायचं सुटत नाही ना तुझं? कामावर उकरतेस ते पुरत नाही? हजारदा सांगितलं, विचारायचं नसतं ते."

मी रागावलेली होते. दिवसभराचं सगळं तोंडाशी आलं होतं, आणि माझं तोंड चांगलं नाही हे घरात सगळ्यांना माहीत आहे. "माझं नाहीच सापडलं," मी म्हणाले. "तुमची सापडली."

बोलता बोलता त्या आत जाऊन दळणाचं पीठ डब्यात भरायला लागल्या होत्या. "माझी कोण?"

"पिवळ्या टोपड्यातली."

वाटी पिठात तशीच राहिली. सासूबाई हळूहळू खाली बसल्या, भिंतीला धरून, आणि मला भीती वाटली की त्यांना काही झालं. सासरे कॉटवर जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपलेसुद्धा होते. सासूबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं, मग माझ्याकडे. ज्या बाईनं मला इतकी वर्षं तोंड उघडू दिलं नव्हतं, तिचे ओठ लटपटत होते.

"टोपडं राहू दिलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"हो. बाबा म्हणाले, राहू दिलं."

पिठानं माखलेला हात त्यांनी पदराला पुसला, पुसलेलाच परत पुसला.

"तिथं सावली आहे का?"

"आहे, आई. करंजाची आहे. दाट."

त्यानंतर काही दिवसांतच पांढर सपाट झाली. आता तिथं द्राक्षाच्या ओळी आहेत आणि मालक मला अजून भेटला की घड देतो. मी ते घरी आणते, पण मला ते खाववत नाहीत. सासरे मार्गशीर्षात गेले. शेवटी शेवटी ते बोलतच नव्हते, तरी मी रोज एकदा कानाशी वाकून विचारायचे. शेवटच्या दिवशीही विचारलं. ते गेले तेव्हा बाकीचे त्यांच्यासाठी रडत होते. मीही रडत होते, पण नुसती त्यांच्यासाठी नाही, आणि हे सासूबाईंना सोडून कुणाला कळलं असं वाटत नाही.

नियम मोडून आम्ही दोघी आता मधून मधून दारणेवर जातो. सासूबाई दगडावर बसत नाहीत, खाली बसतात, काठी रोवली होती त्या जागेला लागून. फुलं नेत नाहीत, हात जोडत नाहीत. नुसत्या बसतात. मी लांब उभी राहून नदीकडं बघते, कारण तिथं माझं काही नाही.

परवा त्या जराशा सरकल्या आणि शेजारची जमीन तळहातानं साफ केली. "ये," म्हणाल्या. "बस. तुझंपण इथंच समज."

माझ्या धंद्यात असं समजून चालत नाही. कड दिसली तर आहे, नाही दिसली तर नाही. हे त्यांना कसं सांगणार? आणि त्यांचं म्हणणं खरं मानण्याइतकी मी अजून म्हातारीही झालेली नाही. पण त्यांनी जागा केली होती, म्हणून बसले. बसल्या बसल्या माझं बोट आपोआप माती खरवडायला लागलं.

त्यांनी माझा हात धरून मांडीवर घेतला. "उकरू नकोस," म्हणाल्या, आणि उठेपर्यंत सोडला नाही.